गाणं तयार आहे, पैसे थोडेच उरलेत: पीआर एजन्सी की मार्गदर्शक?

स्वतंत्रपणे मराठी गाणी करणाऱ्या ओळखीच्या मंडळींकडून हल्ली हा प्रश्न वारंवार येतो. मास्टर, म्हणजे गाण्याचं अंतिम ध्वनिमुद्रण, हातात आलेला असतो, गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणारा डिस्ट्रिब्युटर ठरलेला असतो, कव्हरही झालेलं असतं. उरलेले पैसे एकदाच खर्च करता येणार असतात. ते प्रसिद्धीची मोहीम चालवणाऱ्या एजन्सीला द्यावेत, की अधूनमधून भेटून आपलं काम बारकाईने ऐकणाऱ्या एखाद्या अनुभवी कलाकाराला? मी वेगवेगळ्या गाण्यांसाठी दोन्ही वाटा धरून पाहिल्या. इथे लिहितोय तो माझ्या एकट्याचा अनुभव. तुमचं संगीत आणि तुमचं गाव वेगळं असेल तर उत्तरही वेगळं येऊ शकेल.

एजन्सीचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे शिस्त. आपण कलाकार मंडळी मिक्स, म्हणजे आवाज आणि वाद्यं जुळवलेलं गाणं, हाती आलं की त्याच आठवड्यात गाणं सोडायला निघतो. एजन्सीने मला तारीख पुढे ढकलायला लावली, फोटो नव्याने काढून घेतले, माझ्या परिचयाचा मजकूर अर्ध्यावर आणला. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं किमान 7 दिवस आधी पाठवलं, तर ते आपल्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, पोचतं. ही मुदत मी एकट्याने नक्कीच चुकवली असती. दुसरं म्हणजे इंग्रजी संगीत माध्यमं. रोलिंग स्टोन इंडियासारख्या ठिकाणी रोज किती गाणी येऊन पडत असतील याची कल्पना करा. ओळखीच्या पीआरवाल्याचा मेल तिथे आधी उघडला जातो, आणि त्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. महोत्सवांत कलाकार निवडणारेही अशी कात्रणं बघतात. पुण्यात 2010 साली एनएच7 वीकेंडर हा महोत्सव सुरू झाला आणि स्वतंत्र संगीताला मोठं व्यासपीठ मिळालं हे आपण बघितलंच आहे. तिथवर पोचायला नाव आधी कुठेतरी छापून आलेलं असलं तर मदत होते.

माझ्या मोहिमेचा खर्च ध्वनिमुद्रण आणि व्हिडिओ मिळून झालेल्या खर्चाच्या आसपास गेला. काही संकेतस्थळांवर प्रेस नोट जशीच्या तशी आली. एकाने मात्र गाणं खरोखर ऐकून, त्यातल्या बासरीबद्दल दोन ओळी लिहिल्या, आणि त्या दोन ओळींचा आनंद मला अजून आहे. आठवडाभर ऐकणारे वाढले, मग आलेख पुन्हा आडवा झाला. एवढ्यावर मी तक्रार केली नसती. प्रसिद्धी गाण्याला दारापर्यंत नेते, पुढचं गाण्यानेच करायचं असतं.

मला खुपलं ते वेगळंच. करारात एक ओळ होती, की माध्यमांशी सगळा संवाद एजन्सीमार्फत होईल. वाचताना ती सोयीची वाटते, कारण मेलांना उत्तरं देण्यातून सुटका होते. पुढे एका कार्यक्रमात विदर्भातल्या एक रेडिओ निवेदिका भेटल्या. त्यांनी सांगितलं, की त्यांना गाणं फार आवडलं होतं आणि त्यांनी काही प्रश्न पाठवले होते. चाल आधी सुचली की शब्द? दुसऱ्या अंतऱ्यात ठेका का बदलला? एजन्सीतल्या ज्या मुलाकडे माझं काम होतं त्याने उत्तरादाखल माझा छापील परिचय धाडून दिला. बिचाऱ्याकडे एकाच वेळी बरेच कलाकार असावेत. निवेदिकाबाईंनी मग तो विषय सोडून दिला. असा प्रश्न विचारणारा श्रोता स्वतंत्र कलाकाराला किती दुर्मीळ असतो हे सांगायला नको, आणि तो तेव्हा मला न भेटताच परत गेला.

मोहीम संपल्यावर मी विचारलं, कुणाकुणाला गाणं पाठवलं, कुणी काय म्हटलं, याची यादी मिळेल का? नम्रपणे नकार आला. त्या ओळखी कंपनीच्या आहेत, असं सांगितलं गेलं. धंद्याच्या दृष्टीने त्यांचं बरोबरच आहे, ओळखी हेच त्यांचं भांडवल. पण माझ्या पुढच्या गाण्याच्या वेळी मी पुन्हा कोऱ्या पाटीवर होतो. पैसे गेले याचं फारसं वाईट वाटलं नाही. माझ्या गाण्याने जोडलेली माणसं दुसऱ्याच्या फोनमध्ये राहिली, हे मात्र सहन झालं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

त्यानंतरच्या गाण्यासाठी मी पुण्यातल्या एका ज्येष्ठ अरेंजरकडे, म्हणजे गाण्याचा वाद्यमेळ रचणाऱ्याकडे, गेलो. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. पहिल्या बैठकीत प्रसिद्धीचा विषयही निघाला नाही. त्यांनी डोळे मिटून गाणं ऐकलं आणि म्हणाले, “शब्द गिटारखाली गेलेत. मराठी माणूस आधी शब्द ऐकतो. मिक्स परत कर.” मी हिरमुसलो, पण मिक्स परत केलं, आणि गाणं उजळलं. जे मिक्स एजन्सीने बिनतक्रार पुढे पाठवलं असतं ते दादांनी अडवलं, हा फरक मला मोलाचा वाटतो.

मग कागदपत्रं. गीतकार मैत्रीण आणि मी, कुणाचा किती वाटा, हे गाणं बाहेर पडण्याआधी लिहून सह्या करायला लावल्या. मैत्रीत हा विषय काढायला जड जातो, तो त्यांनी मधे बसून सोपा केला. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सदस्यत्व घ्यायला लावलं. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला हक्क करारातल्या एखाद्या ओळीने काढून घेता येत नाही, तो वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडेच जाऊ शकतो, हे आमच्यातल्या कित्येकांना माहीतच नसतं. गायकाचे हक्क सांभाळणारी संस्था वेगळी, हेही मला तिथेच कळलं. शिवाय गाण्याचा बिनशब्दांचा ट्रॅक आत्ताच काढून ठेव, मालिका किंवा माहितीपटवाले मागतात तेव्हा धावाधाव होते, असं त्यांनी बजावलं.

प्रसिद्धी त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतली. एक वही घातली. कुणाला लिहिलं, काय उत्तर आलं, त्या माणसाला कसलं संगीत आवडतं, हे सगळं त्यात. एकाच वेळी पन्नास जणांना तोच मजकूर धाडायचा नाही, असा दंडक. वृत्तपत्राच्या पुरवणीतल्या उपसंपादकाला, आकाशवाणीच्या सांगली किंवा परभणी केंद्रावरच्या निवेदकाला, दिवाळी पहाटेचं आयोजन करणाऱ्या मंडळाला, प्रत्येकाला आपल्या नावाने, मराठीत, चार ओळी. आणि त्यात हे गाणं त्यांनाच का पाठवतोय त्याचं कारण. काम फार हळू चालतं. पुष्कळ ठिकाणांहून उत्तर आलंच नाही. पण ज्यांनी दिलं ते आज मला नावाने ओळखतात. एका आयोजकांनी पुढच्या वर्षीही बोलावलं. त्या एका कार्यक्रमाचं मानधन माझ्या स्ट्रीमिंगच्या मिळकतीपेक्षा बरंच जास्त होतं. यात नवल नाही. स्पॉटिफायवर 2024 पासून ज्या गाण्याला मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम मिळालेले नाहीत, त्याचे पैसेच धरले जात नाहीत.

मार्गदर्शकाच्या वाटेवरही खाचखळगे आहेत. दादांना मैफल, रेडिओ, नाटकाचं संगीत यांची नस माहीत. रील कुठे कापायची हे मला माझ्याहून लहान मुलांना विचारावं लागलं. त्यांची आवड माझ्या गाण्यात नकळत उतरते, हेही जाणवतं. आणि आपल्याकडचा मोठा अडसर म्हणजे पैशांचं बोलणं. गुरुस्थानी मानलेल्या माणसाला “तुमची फी किती?” हे विचारताना जीभ अडखळते. मग कुणी फुकट वेळ मागत राहतं, तर कुणी मार्गदर्शनाच्या बदल्यात संगीतकार म्हणून नाव लावायला सांगतं. दुसऱ्या प्रकारच्या माणसापासून लांब राहा. पहिल्याच भेटीत बैठकीमागे मानधन ठरवा. दादांनीच ते आधी सांगितलं म्हणून मी वाचलो.

हिप-हॉपवाल्यांनी हा तिढा आपसांतच सोडवलेला दिसतो. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या गटात मराठीसह अनेक भाषांतले रॅपर एकत्र काम करत आले, रॅपर डिव्हाइनने 2019 साली ‘गली गँग’ ही कंपनी काढून नव्या मुलांना हात दिला. तिथे थोरला कलाकार आणि प्रचारयंत्रणा एकाच अड्ड्यावर सापडतात. भावगीताच्या वळणाचं किंवा गिटारवर गाणाऱ्यांचं असं घर अजून फारसं दिसत नाही, म्हणून आपल्याला निवड करावी लागते.

पूर्ण अल्बम असेल, पाठोपाठ चारपाच शहरांत कार्यक्रम ठरलेले असतील, बँडला आधीच श्रोते असतील आणि गाणी हिंदी-इंग्रजीत असतील, तर एजन्सी घेणं शहाणपणाचं ठरेल. तेवढ्या ठिकाणी एकट्याने पोचणं खरंच अवघड आहे. पहिलं, दुसरं, तिसरं मराठी गाणं असेल तर मी तरी मार्गदर्शकाकडेच जाईन.

तरीही एजन्सी ठरवलीत, तर सही करण्याआधी दोन गोष्टी बघा. प्लेलिस्टमधल्या जागेची किंवा ठरावीक स्ट्रीमची हमी देणाऱ्याला नकार द्या. खोटे स्ट्रीम सापडले तर स्पॉटिफाय 2024 पासून डिस्ट्रिब्युटरकडून दंड वसूल करतं, आणि तो फिरून तुमच्यावर येऊ शकतो. आणि करारात लिहून घ्या, की ज्यांनी उत्तर दिलं त्या प्रत्येकाचं नाव आणि उत्तर मोहीम संपताना तुम्हाला मिळेल, कुणी प्रश्न विचारला तर तो त्याच दिवशी तुमच्याकडे येईल आणि उत्तर तुम्हीच द्याल. हे मान्य करणाऱ्या एजन्सी असतील, मला तेव्हा मागायचं सुचलं नव्हतं इतकंच.