जपलेली गाडी की फिरलेली गाडी?

कव्हरखाली झाकलेली गाडी चकाकते, पण ती उभ्या उभ्याच खराब होते. बॅटरी हळूहळू उतरते, टायर एकाच जागी दबतात, पावसाळ्यात ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, उंदीर वायरिंग कुरतडतात. कोल्हापुरातल्या कोल्हापुरात, रोज फक्त राजारामपुरीपर्यंत नेली तर इंजिन पुरतं तापत नाही, ओलावा ऑइलमध्येच राहतो. अधूनमधून पन्हाळ्यापर्यंत, वीसेक किलोमीटर, नेऊन आणा. गाडीला ते मानवतं.

बिनधास्त फिरवली की ओरखडे येणारच. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना पाचट घासतं, जोतिबाच्या यात्रेत गुलाल बसतो. ओरखडा सोसा. गुलाल मात्र कोरड्या फडक्यानं पुसू नका, आधी भरपूर पाणी मारा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो. गगनबावड्याहून पावसात आलात की चाकांवरच्या पोकळीतला चिखल लगेच धुवा, गंज तिथूनच धरतो.

माझं मत फिरवण्याच्या बाजूचं. शेतातून आलेल्या वडिलांना चिखलाच्या पायांनी बसता येत नसेल, तर ती गाडी घरची कसली? रंग वाचवणाऱ्या फिल्मचे पैसे मी चांगल्या टायरवर घालीन. जुनी, दुर्मीळ गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिचे पार्ट मिळत नाहीत, ती जपावीच.