टोइंग ११,००० पौंड, पण आधी संपतो पेलोड: चौदा महिन्यांचा अनुभव

आम्ही डेनव्हरजवळ राहतो. मागच्या वर्षी हाफ-टन पिकअप (मागे उघडा हौदा असलेल्या गाड्यांतला हलका वर्ग) घेतला आणि त्याच्यामागे ओढायला ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं फिरतं घर. विक्रेत्याने सांगितलं, "ट्रेलरचं रिकामं वजन ५,३०० पौंड, पिकअप ओढतो ११,०००. निम्म्यातच काम भागतंय." दोन्ही आकडे खरे होते, पण आमची मर्यादा तिसऱ्याच आकड्याने ठरत होती आणि तो मी गाडी घेताना पाहिला नव्हता.

ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर पिवळ्या पट्टीचं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. आमच्या गाडीचं १,४८० पौंड. हाच पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत तो शेकडो पौंडांनी वेगळा निघू शकतो, कारण सनरूफ, फोर-बाय-फोर, मोठी केबिन, सगळं त्यातूनच वजा होतं. म्हणून माहितीपत्रकावर जाऊ नका, जी गाडी घेणार तिचंच दार उघडा.

ट्रेलर जोडला की त्याचा पुढचा भार हिचच्या, म्हणजे पिकअपमागच्या जोडणीच्या, बॉलवर येतो. हे टंग वेट, भरलेल्या ट्रेलरच्या १० ते १५ टक्के. हाही भार पेलोडमध्येच मोजायचा, आणि हिचचं स्वतःचं वजनसुद्धा. ११,००० पौंडांचा ट्रेलर लावला तर १० टक्क्यांनीही १,१०० पौंड तिथेच गेले. उरलेल्या ३८० पौंडांत माणसं किती आणि सामान किती? कंपन्या टोइंगचा, म्हणजे ओढण्याचा, आकडा एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे-२८०७ मानकाप्रमाणे काढतात. त्यात अॅरिझोनातला डेव्हिस डॅमचा लांब चढ एसी चालू ठेवून चढवतात. ही परीक्षा कडक आहे, पण तिच्यात गाडीत दोनच माणसं धरतात, प्रत्येकी १५० पौंडांची. मुलं, सायकली, जनरेटर त्यात नाहीत.

दुसऱ्या सहलीला ट्रक स्टॉपवरच्या वजनकाट्यावर गेलो. माझं लहानपण सांगलीकडे साखर कारखान्याच्या काट्यासमोर उसाच्या गाड्यांची रांग बघण्यात गेलं. भरलेली गाडी आधी, रिकामी नंतर, फरक म्हणजे ऊस. इथेही तसंच केलं: एकदा ट्रेलरसकट, एकदा नुसता पिकअप. आम्ही चौघं आणि मागच्या हौद्यात २०० पौंड सामान धरून नुसता पिकअप ६,३०५ भरला. ट्रेलर जोडल्यावर पिकअपच्या चाकांवर ७,१३५, ट्रेलरच्या चाकांवर ५,६७०. म्हणजे टंग वेट ८३० आणि ट्रेलर एकूण ६,५००. भरलेल्या पिकअपच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा, जी.व्ही.डब्ल्यू.आर., ७,०५०. आम्ही ८५ पौंड वर होतो, आणि ओढण्याची क्षमता अजून हजारो पौंड शिल्लक होती!

मग मी चूक केली. टंग वेट कमी व्हावं म्हणून सायकली ट्रेलरच्या पाठीमागे टांगल्या. आय-२५ महामार्गावर मॉन्युमेंट हिलच्या चढाला आडवा वारा लागला आणि ट्रेलर शेपटासारखा हलायला लागला. पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, पिकअपचा ब्रेक न दाबता कंट्रोलरवरून फक्त ट्रेलरचा ब्रेक हाताने लावला, तेव्हा तो सरळ झाला. मुलं मागच्या सीटवर गप्प बसली होती. रात्री बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "मागं भार झाला की गाडी उलाळणारच. जुवावर थोडा भार पाहिजेच." आयुष्यभर बैलगाडी जुंपलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. सायकली दुसऱ्या दिवशीच तिथून काढल्या.

आता पाण्याची टाकी रिकामी नेतो. चाळीस गॅलन म्हणजे ३३० पौंडांहून जास्त, आणि आमच्या ट्रेलरमध्ये ती चाकांच्या पुढे आहे. पाणी कॅम्पग्राउंडवर भरतो, सरपण तिथलंच घेतो, जड डबे ट्रेलरमध्ये चाकांच्या बरोबर वर ठेवतो. परत काट्यावर घातला तेव्हा पिकअपच्या चाकांवर ६,८२० आले आणि टंग वेट १२ टक्क्यांच्या आसपास. वेट डिस्ट्रिब्यूशन हिचने, म्हणजे भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणाऱ्या जोडणीने, पुढची चाकं नीट टेकतात, स्टिअरिंग स्थिर राहतं, पण पेलोडची मर्यादा त्याने वाढत नाही. दुकानात कुणी तसं सांगितलं तर मानू नका.

इंजिनाबद्दल तक्रार नाही. टर्बो असल्यामुळे रॉकी पर्वतातल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, ११,१५८ फुटांवरही, दम लागत नाही. पलीकडे सिल्व्हरथॉर्न गावाकडे ७ टक्के उतार आहे, तिथे टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवतो आणि ब्रेक थंड राहतात. मायलेज मात्र गॅलनला वीस मैलांवरून साडेनऊवर येतं.

जूनमध्ये आई-बाबा येणार आहेत. दोघांचे मिळून २८० पौंड आणि ७,०५० च्या मर्यादेत शिल्लक २३०. त्यामुळे ते पिकअपमध्ये बसणार नाहीत, बायको त्यांना घेऊन मागून कारने येईल. चौघांपेक्षा जास्त माणसं कायम नेणार असाल आणि ट्रेलर याच वजनाचा असेल, तर हाफ-टन न घेता थेट त्याच्या वरच्या वर्गातला थ्री-क्वार्टर टन बघा.