डीएनए प्रोफायलिंगचं किट निवडताना: ग्लोबलफायलर, फ्यूजन ६सी की २४प्लेक्स क्यूएस?

टेंडरच्या कागदावर लोकसचा (डीएनएवरच्या तपासायच्या जागांचा) आकडा ठळक असतो आणि खरेदी समितीची नजर तिथंच अडकते. ग्लोबलफायलर २४, पॉवरप्लेक्स फ्यूजन ६सी २७. मग २७ वालं सरस, असा सरळ हिशेब होतो. पण अमेरिकेच्या कोडिस (राष्ट्रीय डीएनए डेटाबेस) यादीतले २० लोकस, त्यावर एसई३३, वाय गुणसूत्रावरचा डीवायएस३९१ आणि लिंग ओळखणारा अ‍ॅमेलोजेनिन, एवढं तिन्ही किटांत आहेच. एकाच व्यक्तीचा स्वच्छ नमुना असेल तर यांतलं कुठलंही चालेल. फरक पडतो तो उरलेल्या दोन-चार मार्करांत.

त्याआधी डीएनएचे तुकडे रंगांवरून वाचणारं मशीन बघा. तिन्ही किटं सहा रंगांची आहेत. ३५०० या मशीनवर ती चालतात, जुन्या ३१३० वर सहा रंगांचं अपग्रेड नसेल तर नाही. तिथं पाच रंगांचं साधं फ्यूजन घ्यावं लागेल. शिवाय प्रत्येक कंपनीचं मॅट्रिक्स (रंग वेगळे ओळखण्याचं माप) वेगळं. स्पेक्ट्रल कॅलिब्रेशन (मशीनला ते रंग शिकवणं) न करता एका कंपनीच्या जागी दुसरीचं किट लावलंत तर प्रत्येक उंच पीकखाली (आलेखातल्या उंचवट्याखाली) दुसऱ्या रंगात पुल-अप, म्हणजे रंगाच्या गळतीचे खोटे पीक, उगवतात.

२४प्लेक्स क्यूएसची खरी किंमत कळते ती मातीतल्या हाडावर किंवा जीन्सच्या कापडावर. प्रोफाइल डावीकडून उजवीकडे उतरत गेलं, मोठे लोकस गायब झाले, तर डीएनए तुटलाय की माती-निळीने पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणारी प्रक्रिया) अडवलाय? नुसत्या एसटीआरच्या (लोकसवरच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांच्या) पीकांवरून हे ओळखणं अवघड. या किटात दोन कृत्रिम तुकडे असतात: क्यूएस१ ७४ बेसचा, क्यूएस२ ४३५ बेसचा. दोन्ही ताठ उभे असतील तर डीएनए तुटलाय. टेम्प्लेट (घातलेला डीएनए) वाढवून बघा. क्यूएस२ बसला आणि क्यूएस१ टिकला तर इनहिबिशन, म्हणजे पीसीआर अडवला गेलाय. इथं टेम्प्लेट वाढवलं की घाणही वाढते, म्हणून डायल्यूट करा किंवा पुन्हा धुवा. दोन्ही नाहीत तर पीसीआरच झालेला नाही, बहुधा पिपेटिंग चुकलंय.

डीएनए मोजणाऱ्या क्वांट किटातला आयपीसी (अंतर्गत कंट्रोल) हेच सांगतो ना? अर्धवट. क्वांटिफायलर ट्रायो या क्वांट किटात २० मायक्रोलीटरमध्ये २ मायक्रोलीटर अर्क जातो. इथं, २४प्लेक्समध्ये, २५ मध्ये १५ पर्यंत जाऊ शकतो. तिथं निर्धास्त दिसलेला नमुना इथं आपटतो.

तुटलेल्या डीएनएसाठी ग्लोबलफायलरचा मार्ग वेगळा: त्यातले १० लोकस २२० बेसच्या आत बसवलेत. बिघाडाचं कारण तो सांगत नाही, पण हाती काहीतरी लागतं. जळित आणि जुन्या हाडांचं काम जास्त असेल तर माझा कौल याला.

फ्यूजनकडे पेंटा डी आणि पेंटा ई आहेत. पाच बेसचे रिपीट असल्याने स्टटर (पीसीआर घसरल्याने येणारे खोटे पीक) कमी, म्हणून मिश्र नमुन्यात उपयोगी; पण तुकडे लांब, त्यामुळे खराब नमुन्यात तेच आधी जातात. जुन्या केसेस पॉवरप्लेक्स १६ किंवा २१ वर झाल्या असतील तर मात्र फ्यूजनच घ्या, नाहीतर त्या दोन लोकसची जुळणी हातची जाईल.

आपल्याकडे एक जास्तीची पाचर आहे. काही भारतीय पुरुषांत वाय गुणसूत्रावरचा अ‍ॅमेलोजेनिनचा भाग गळालेला असतो आणि पुरुष ‘एक्स’, म्हणजे स्त्री, दिसतो. फ्यूजनचे जादा वाय मार्कर, डीवायएस५७० आणि ५७६, त्याच भुजेवर जवळ आहेत. गळतीत तेही जाऊ शकतात. डीवायएस३९१ दुसऱ्या भुजेवर असल्याने टिकतो, आणि तो तिन्हीत आहे. त्यामुळे या मुद्द्यावर फ्यूजनला फार गुण देऊ नका.

ग्लोबलफायलर आणि फ्यूजनला १ नॅनोग्रॅम, २४प्लेक्सला ०.५ नॅनोग्रॅम डीएनए घाला. “थोडं जास्तच बरं” म्हणून तिप्पट घातलं की पीक छताला लागतात, तुकड्यांच्या टोकाला एक ‘ए’ जोडणाऱ्या, पण अर्धवट राहिलेल्या अ‍ॅडेनिलेशनने दुभंगतात आणि पुल-अप खऱ्या अ‍ॅलीलसारखे दिसू लागतात. प्रायमर उजेडापासून जपा, आणि अ‍ॅलेलिक लॅडर (तुलनेची मोजपट्टी) पोस्ट-पीसीआर खोलीतच ठेवा. तो आधीच वाढवलेला डीएनए असतो, एक थेंब सांडला तरी पुढचे निगेटिव्ह कंट्रोल (मुद्दाम डीएनए न घातलेले नमुने) बिघडतील.