बूट धरायचा स्टँड १,९९८ ला पडला असता तरी चाललं असतं

आधीच सांगतो, माझं हार्डवेअरचं दुकान आहे, साताऱ्यात, बावीस वर्षं झाली. सी क्लॅम्प, व्हाइस, पाने, पक्कड हेच रोज विकतो, वस्तू हातात घेतली की वजन सांगतो. आणि मला गंडवलं कशात, तर बूट पकडून ठेवायच्या क्लॅम्पमध्ये. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

आता म्हणाल बूट पकडायला स्टँड कशाला लागतो, हात आहेत की. हात आहेत त्यांना नाही लागत. आमचे आण्णा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेत, दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात गेला. बोलणं परत आलं, काठीवर चालणं आलं, हात नाही आला. पॉलिश करताना आपण काय करतो आठवून बघा, डावा हात बुटात घालतो आणि उजव्याने ब्रश मारतो, म्हणजे खरं काम डावाच करतो, तो नसला की ब्रशच्या पहिल्या फटक्याला बूट टेबलावरून पळतो. मांडीत दाबला तर पँट काळी, पायात धरला तर तोल जातो, एकदा पडता पडता वाचले. आम्ही करून देतो म्हटलं तर "राहू दे" एवढंच बोलतात आणि तोंड फिरवतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला झेंडावंदनाला जाणार म्हणजे जाणार, आणि बुटाच्या टोत, म्हणजे पुढच्या टोकात, तोंड दिसलं पाहिजे. डबीतलं पॉलिश, सुती फडकं, पाण्याचा एखादा थेंब आणि बारीक बारीक गोल, अर्धा तास एका टोला. ते माणसाचं काम मुलाने करायचं नसतं हे मला कळतं म्हणून मी शोधत होतो, हौस म्हणून नाही.

तर दिवाळीच्या आधी मोबाईलवर जाहिरात आली, 'एका हाताने पॉलिश'. व्हिडिओत एक माणूस टेबलाच्या कडेला स्टँड लावतो, वरच्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट चढवतो, मागची मूठ फिरवतो, ठोकळा आतून फाकतो आणि बूट गच्च. मग ब्रश असा मारतोय की टेबल हलतंय पण बूट हलत नाही. ३,९९९ खोडून १,८९९.

मी आंधळा होऊन नाही घेतला, हे लिहून ठेवा. बाहेरून पकडणारा क्लॅम्प दाखवला असता तर मी पुढे सरकवला असता, कारण बाहेरून धरला तर जिथं पॉलिश करायचं तीच जागा झाकली जाते, शिवाय चामड्यावर वळ उठतो. हा आतून धरत होता. चांभाराकडचं लाकडी कलबूत, म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा, पण आतूनच बूट ताठ धरतं, आणि ठोकाठोकीची ती लोखंडी तिपाई असते तिच्यावर पण बूट उलटा चढवतात, म्हणजे तत्त्व बरोबर होतं. स्टेशनवरच्या पॉलिशवाल्याला काही लागत नाही कारण त्याच्या पेटीवर गिऱ्हाईक पाय ठेवतं, बुटात पाय असतोच. हे सगळं मी विचार करून घेतलंय. ज्याने तो व्हिडिओ केला त्याला वस्तू कशी असायला पाहिजे हे नीट माहीत होतं, फक्त ती त्याच्याकडे नव्हती.

कॅश ऑन डिलिव्हरी टाकलं. आपल्याला वाटतं सीओडी म्हणजे सेफ. कसलं सेफ, पैसे आधी आणि खोका नंतर, कुरिअरवाला उघडू देत नाही, त्याचं काम पैसे घ्यायचं.

आता तो क्षण. रोज रात्री आठवतो. दुपारी बाराला कुरिअरवाला दुकानात आला, ९९ हँडलिंग धरून १,९९८ मागितले. खोक्यावर लेबल, त्यावर पाठवणाऱ्याचा अर्धवट पत्ता, एक मोबाईल नंबर आणि वजन. ०.२८० किलो. मी वाचलं ते. नजर गेली नाही असं नाही, वाचलं, डोक्यात आलंसुद्धा की पावशेर म्हणजे कमीच आहे. अहो चार इंची साधा सी क्लॅम्प अर्ध्या किलोच्या वर जातो, त्याला बेस आला, स्क्रू आला, ठोकळा आला, दीड-दोन किलोच्या खाली अशी वस्तू उभीच राहत नाही, ब्रशच्या जोराने स्वतःच लोटांगण घालेल. हे मी गिऱ्हाइकाला झोपेत सांगीन. त्या वेळी एक जण अर्धा किलो खिळे मागत होता, मी त्याला काट्यावर खिळे मोजून दिले आणि त्याच काट्याच्या शेजारी तो खोका ठेवला. सहा इंचांवर काटा होता. गल्ल्यातून २,००० काढून दिले, दोन रुपये राहू द्या म्हटलं त्याला. दोन रुपये सोडले वर!

रात्री उघडलं. आत प्लॅस्टिकचे स्प्रिंगवाले शू ट्री, बूट कपाटात असताना आकार राहावा म्हणून घालतात ते, होलसेलला ६० रुपयांना जोडी मिळते. आणि एक रबरी चकती, भिंतीला चिकटणारी. आण्णांनी हातात घेऊन बघितलं आणि म्हणाले, "हे काय आहे?" मी म्हटलं चुकून आलंय, बदलून मिळेल.

उघडताना व्हिडिओ काढा रे. मी काढला नाही. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ऑर्डर देतानाच घ्या, दुसऱ्या दिवशी ती जाहिरात, ते पेज, सगळं गायब होतं.

इथं थांबलो असतो तर ही गोष्ट लिहिलीच नसती. पण डोकं फिरलं होतं ना. लेबलवरच्या नंबरवर फोन लावला. बाई एकदम गोड, सर सॉरी सर, गोडाऊनची चूक आहे, आज रिफंड होईल. व्हॉट्सॲपवर फाइल आली, 'रिफंड फॉर्म' नावाची. फॉर्म कुठला, एपीके होता, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. उघडल्यावर मेसेज वाचायची परवानगी मागितली, मी देऊन टाकली, रिफंडचा मेसेज वाचायला लागत असेल असं वाटलं (लागत नाही). मग 'ज्या कार्डावर पैसे पाहिजेत त्याचा नंबर' विचारला. रोख पैसे दिले होते मी! कार्डाचा संबंधच काय? तरी भरला, पूर्ण सोळा आकडे आणि मागचे तीन. गोडाऊनच्या बाईने विचारलं आणि मी भरला.

साडेनऊ ते नऊ चाळीस. १९,९९९. परत १९,९९९. मग ८,६५२. एकूण ४८,६५०. ओटीपी मला दिसलेच नाहीत, फोन नुसता हातात तापत होता, ते ॲप मेसेज परस्पर पुढं पाठवत होतं. असं काही झालं तर पहिलं फोन फ्लाइट मोडवर टाका, मग दुसऱ्याच्या फोनवरून १९३०, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. मी उलटं केलं, आधी त्या बाईला फोन केला. बंद.

१९३० लागायला पंचवीस मिनिटं गेली. लागल्यावर चांगलं बोलले, तक्रार घेतली, नंबर दिला, त्याबद्दल तक्रार नाही. पुढची मजा ऐका. बँकेच्या कॉल सेंटरने कार्ड ब्लॉक केलं आणि ब्रँचला जा म्हटलं. ब्रँचला साहेब म्हणाले ओटीपी टाकलाय म्हणजे तुमचा निष्काळजीपणा. मी म्हटलं ओटीपी मी कुणाला सांगितला नाही, बघितला पण नाही. म्हणाले सिस्टिमला तसं दिसत नाही. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक होतं, कामकाजाच्या तीन दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी कुठे शून्य आणि कुठे नाही ते त्यात होतं, मी प्रिंट काढून नेली. साहेबांनी प्रिंट उलटी-पालटी केली आणि म्हणाले "हे आम्हाला माहीत आहे." लेखी द्या म्हटलं तर देईनात. लेखी उत्तर मागाच, आणि आपल्या अर्जावर त्यांचा शिक्का घ्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं आणि तिथं तारीखच विचारतात.

पोलीस स्टेशनला गेलो तर सायबरला जा. सायबरला गेलो तर पोर्टलवर टाकलंय ना, मग तुमच्या हद्दीच्या स्टेशनला जा. स्टेशनला परत गेलो, बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा मग देतो. माझंच खातं, माझंच स्टेटमेंट, आणि पत्र पोलिसांचं! चार दिवस दुकानाचं शटर अर्धं ठेवून फिरलो. तिथल्या एका हवालदाराने विचारलं नक्की काय घेत होतात, मी म्हटलं बूट धरायचा स्टँड, तर शेजारच्याला हाक मारून परत सांगायला लावलं. त्यांच्या पायातले बूट चकाचक होते, दोन्ही हात असल्यावर काय होतंय.

त्यातले ८,६५२ पुढच्या कुठल्यातरी खात्यात होल्ड झालेत, म्हणजे अडकलेत, मिळाले नाहीत. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने पहिल्या भेटीचे १,५०० सांगितले.

तो खोका आणि फसवा माल याची तक्रार वेगळी असते, ती १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनवर घेतात. केली. समोरच्याचा पूर्ण पत्ता विचारला. तोच असता तर मी स्वतः गेलो नसतो का? ऑनलाइन विकणाऱ्याने साइटवर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकारी दाखवायचा असा २०२० चा नियम आहे, तो दिसला नाही तर तिथंच बाहेर पडा. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा ऑनलाइन व्यवहार बंद करायचं बटण असतं, आज रात्रीच बंद करा, लागेल तेव्हा पाच मिनिटं चालू करा. माझं कार्ड मी वर्षात दोनदा ऑनलाइन वापरलं असेल, तरी ते बटण कायम चालू होतं.

आणि एक, नंबर लेबलवरचा असो नाहीतर सर्च करून काढलेला, त्यावर स्वतःहून फोन करायचा नाही. आपण फोन केला की आपल्याला वाटतं आपणच बॉस आहोत.

स्टँडचं म्हणाल तर शेवटी ओळखीच्या चांभाराकडून आण्णांच्या मापाचं जुनं लाकडी कलबूत घेतलं, वरच्या बाजूला लोखंडी पट्टी ठोकली आणि दुकानातल्या चार इंची व्हाइसमध्ये ती आवळली. कलबुताचे त्याने दीडशे घेतले. अजिबात हलत नाही. आण्णा सकाळी दुकान उघडायच्या आधीच येऊन बसतात, आणि ब्रश मारता मारता अजून अधूनमधून विचारतात, त्या १,९९८ चं काय झालं रे. त्यांना तेवढेच माहीत आहेत.