टॉवेलांची भिंत आणि निळं कुपन

बेड बाथ अँड बियाँड ही अमेरिकेतली घरगुती सामानाच्या दुकानांची साखळी. तिच्या दुकानात शिरलं की आधी टॉवेलांची भिंत दिसायची. पार छतापर्यंत, रंगवार लावलेली. मी प्रत्येक टॉवेल बोटांत चुरगाळून बघायचे. जाड आहे की नुसता फुगवलेला, हे हाताला लगेच कळतं. पर्समध्ये वीस टक्के सवलतीचं ते मोठं निळं कुपन असायचंच. मुदत संपलेलंही काउंटरवर चालायचं, म्हणून घरी ड्रॉवरमध्ये गठ्ठा साठलेला.

१९७१ मध्ये वॉरन आयझेनबर्ग आणि लेनर्ड फाइनस्टीन यांनी न्यू जर्सीत हा धंदा सुरू केला. कुठला माल ठेवायचा हे बरंचसं त्या त्या दुकानाचा मॅनेजर ठरवायचा. माझ्या मते खरी ताकद तीच होती.

ऑनलाइन खरेदी वाढली तेव्हा कंपनी मागे पडली, आणि अब्जावधी डॉलर स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात घातले. २०१९ नंतर नव्या व्यवस्थापनाने ओळखीचे ब्रँड कमी करून कंपनीचे स्वतःचेच ब्रँड भरले, कुपनंही आवरती घेतली. ज्यासाठी लोक यायचे तेच फळीवर नाही, तर यायचं कशाला? मला याचा अजून राग येतो. एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, जुलैअखेर शेवटची दुकानं बंद. नाव ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने विकत घेतलं.

मालाला माझे पाचपैकी पाच, शेवटच्या कारभाराला एक. तिथला राखाडी टॉवेल मी रोज वापरते. काठाची शिवण अजून जशीच्या तशी आहे.