पाच महिने, एकच लेन्स आणि चिचिकास्तेनांगोचा बाजार

झूम नसलेला कॅमेरा घेताना मनात धाकधूक होती. २३ मिमीची, न निघणारी लेन्स. फुल-फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या, हिशेबात ३५ मिमी. आता पाच महिने झाले. ग्वातेमालातल्या चिचिकास्तेनांगोला गुरुवारी आणि रविवारी बाजार भरतो. क्वेत्झालतेनांगोहून निघून लोस एन्क्वेन्त्रोसच्या फाट्यावर बस बदलायची, असं करत मी जवळपास दर आठवड्याला तिथे गेले.

पहिले दोन आठवडे फोटो फसले. उन्हाच्या बचावाला दुकानांवर निळ्या ताडपत्र्या ताणलेल्या असतात, त्यामुळे खालचे चेहरे निळसर येतात आणि ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. आता मी रॉमध्येच, म्हणजे रंग नंतर सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये, काढते. हुइपिलचा, म्हणजे माया बायकांच्या विणलेल्या पोलक्याचा, लाल धागा तर फोटोत हमखास जळायचा, विणीचा मागमूस राहायचा नाही. एक्स्पोजर (आत घेतला जाणारा उजेड) दोन-तृतीयांश स्टॉप खाली घेतल्यावर एकेक टाका दिसू लागला.

कोपालच्या (झाडाच्या डिंकाच्या धुपाच्या) धुरात ऑटोफोकस चाचपडत बसतो. तिथे मी एफ/८ लावून, म्हणजे लेन्सचं छिद्र लहान करून, फोकस अडीच मीटरवर बांधून टाकते. दीड ते दहा मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं.

पण या लेन्सचं खरं म्हणणं वेगळंच आहे: जवळ जा. आणि जवळ गेलं की विचारावंच लागतं. चुन्याची निवळी फिरवलेल्या पांढऱ्या कोमालवर (तव्यावर) तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, भाजणाऱ्या एका आजींनी मला सरळ नकार दिला. मी कॅमेरा पिशवीत ठेवला, तोर्तिया घेतल्या, ‘माल्त्योश’ म्हटलं. किचे या इथल्या माया भाषेत म्हणजे आभार. पुढचे पाच गुरुवार तेवढंच. सहाव्या गुरुवारी त्यांनीच नातवाला पुढे केलं, आणि त्याचा फोटो झाल्यावर तोर्तिया थापताना स्वतःचाही काढू दिला. शटर १/६० ठेवला: चेहरा स्थिर, थापणारे तळवे मात्र पुसट. भाकरीची थाप ऐकत वाढलेल्या मला तो आवाज त्या फोटोत ऐकू येतो. पुढच्या खेपेला प्रिंट दिली, ती त्यांनी घडी न घालता कमरपट्ट्यात खोचली. लांबून झूमने काढला असता तर हा फोटो मला मिळाला नसता, आणि आजी तर नाहीच नाही.

सान्तो तोमास चर्च १५४० च्या सुमाराचं, जुन्या माया देवळाच्या चौथऱ्यावर बांधलेलं. पायऱ्या अठरा, माया वर्षाच्या वीस-वीस दिवसांच्या महिन्यांइतक्या. पायऱ्यांवर फुलवाल्या बसतात, वर धूप जळत असतो. आत फोटोला बंदी आहे, आणि पूजा चालू असताना बाहेरही मी कॅमेरा काढत नाही. चौकाच्या उत्तरेला भाजीबाजाराची इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावरून खाली बघितलं की नुसता रंगांचा सडा! एवढ्या एका जागी मात्र झूमची उणीव भासली.

एफ/२ वर अगदी जवळून विणकाम काढलं तर ते धुरकट येतं. एफ/४ वर जा. बॅटरी तीनशे फोटोंत संपते, म्हणून तीन लागतातच. मेपासून दुपारी पाऊस येतो, प्लास्टिकची पिशवी जवळ ठेवा. लेन्स निघत नसल्यामुळे धूळ आणि धूर असूनही सेन्सर आजवर स्वच्छ राहिला आहे.