गूगलवर पहिला दिसला म्हणून डिस्क त्याच्या हाती देऊ नका

लग्नांचं शूटिंग भरलेली दोन टीबीची पोर्टेबल डिस्क टेबलावरून पडते. परत लावली की टक, टक, टक असा आवाज, आणि कॉम्प्युटरला ती दिसतच नाही. स्टुडिओवाला घाबरतो, मोबाइलवर ‘डेटा रिकव्हरी’ आणि शेजारी शहराचं नाव टाइप करतो, सगळ्यात वर आलेल्या नंबरला फोन लावतो. फोनवर हजार-दीड हजार सांगितले जातात. पंधरा दिवसांनी आकडा वीस हजारांवर गेलेला असतो, डेटा नसतो, आणि डिस्कच्या झाकणाचे दोन स्क्रू गायब असतात. दुरुस्तीच्या टेबलावर अशा, आधी कोणीतरी उघडलेल्या डिस्क सतत येतात आणि त्यामागची हकीकत दरवेळी जवळपास हीच असते.

आधी तो नंबर वर कसा आला ते पाहू. सर्वांत वरच्या दोन-तीन ओळींवर ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, म्हणजे जागा विकत घेतलेली. त्याखाली नकाशातली दुकानं. दुकानाच्या पाटीवर जे नाव आहे तेच नकाशावर द्यायचं, हा गूगलचा नियम. पण इथे दुकानाचं नावच ‘बेस्ट हार्ड डिस्क डेटा रिकव्हरी सांगली’ असतं. असं नाव पोरासोरांनी हौसेने ठेवलेलं नसतं, शोधात सापडावं म्हणून रचलेलं असतं. वेबसाइटवर प्रत्येक शहराचं वेगळं पान, मजकूर एकच, फक्त सांगलीच्या जागी सातारा, साताऱ्याच्या जागी नांदेड. गूगलच्या धोरणात अशा पानांना स्पॅमच म्हटलं आहे, तरी ती टिकतात. पानावरचं एखादं लांब वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधा, मिनिटभरात बाकीची शहरं सापडतील. पांढरे कोट घातलेल्या ‘आमच्या लॅब’चा फोटो गूगल लेन्समध्ये टाका, तोच फोटो परदेशातल्या साइटवरही निघाला, तर लॅब तिथेच संपली.

यातल्या कित्येक साइटींना दुकानच नसतं. आलेला फोन ते पुढे कोणत्या तरी दुकानाला विकतात. जाहिरातीचा आणि फोनचा खर्च शेवटी तुमच्याच बिलात बसतो. (पहिला नंबर हमखास आणून देतो म्हणणारे एसइओवाले या दुकानदारांनाही गंडवतातच. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं.) रिव्ह्यू वाचताना ‘नवीनतम’ लावा. एकाच आठवड्यात पाच ताऱ्यांचा पाऊस, आणि तारे देणाऱ्याने त्याच दिवशी हैदराबादचा मूव्हर आणि जयपूरचा दातांचा दवाखानाही वाखाणलेला, असं दिसलं की पुरे. एक तारा देणारे वाचा, माहिती तिथे असते.

फोनवरही माणूस ओळखता येतो. काम येणारा आधी मॉडेल नंबर विचारतो, मग आवाज कसा येतो, पडली की भिजली, त्यानंतर किती वेळा लावली, आणखी कुणी उघडली का. भाव शेवटी. ज्याने यातलं काहीच न विचारता ‘घेऊन या, होऊन जाईल’ म्हटलं, तिथे जाऊ नका.

टकटक म्हणजे काय हे कळलं की निम्मी फसवणूक टळते. चालू डिस्कमध्ये हेड (डेटा वाचणारं बारीक टोक) प्लॅटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या चकतीच्या, वर काही नॅनोमीटरवर तरंगतं. साधा धूलिकण त्या फटीच्या शेकडो पटींनी जाड. हेड दुखावलं की त्याला प्लॅटरवरच्या खुणा वाचता येत नाहीत, ते परत परत मागे येऊन आपटतं, तोच आवाज. प्रत्येक वेळी वीज दिली की तुटकं हेड प्लॅटर खरवडतं. दुकानदार मात्र दिवसभर डिस्क लावून सॉफ्टवेअर चालवतो, चेकडिस्क मारतो (विंडोजमधली ही दुरुस्तीची आज्ञा आजारी डिस्कवर लिहिते, हे कोणी सांगत नाही), आणि काही जमलं नाही की पंख्याखाली झाकण उघडतो. मग ‘हेड गेलेत, वीस हजार’. हेड बदलणं हे खरं काम आहे, यात वाद नाही. पण त्याला गाळलेल्या हवेचा लॅमिनार फ्लो बेंच, हेड एकमेकांना चिकटू न देणारी फणी (हेड कोम्ब) आणि जिची हेड काढून लावायची अशी जुळणारी डोनर डिस्क लागते. नुसतं मॉडेल जुळून भागत नाही, हेडची संख्या आणि बनावटही जुळावी लागते. त्यानंतर पीसी-३००० किंवा डीपस्पारसारख्या यंत्रावर एकेका हेडने वाचून डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब नक्कल, काढायची. टकटकणारी डिस्क ‘दोन तासांत देतो’ म्हणणाऱ्याकडे यातलं काही नसतं. आणि प्लॅटरवर गोल ओरखडे पडले असतील तर तेवढ्या भागातला डेटा कोणाच्याच बापाला काढता येत नाही. ओरखडे आहेत असं सांगितलं, तर सीरिअल नंबर दिसेल असा फोटो मागा; एकच फोटो वर्षभर सगळ्यांना दाखवणारे आहेत.

छोट्या कामाला मोठं बिल लावायचं, ही उलटी लूट याहून वाईट. टेबलावरची ३.५ इंची एक्स्टर्नल डिस्क १२ व्होल्टची असते. गडबडीत तिला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर लागतो आणि डिस्क एकदम गप्प, आवाज नाही, थरथर नाही. अशा वेळी बऱ्याचदा डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा टीव्हीएस डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीच्यांना वाचवतो. मल्टिमीटर दोन्ही दिशांनी शून्याजवळ दाखवतो. तो डायोड काढला की डिस्क फिरायला लागते. भाग काही रुपयांचा. मग संरक्षण उरलेलं नसतं म्हणून योग्य अडॅप्टर लावून लगेच डेटा दुसरीकडे घ्यायचा आणि डिस्क निवृत्त करायची. याच कामाला ‘मोटर बदलली’ म्हणून पंधरा हजारांचं बिल लावतात. (कधी आतली चिपही जळते, तेव्हा काम खरोखर मोठं असतं, पण आधी डायोड मोजला का, एवढं विचारा.)

बोर्ड बदलण्याचाही एक खेळ आहे. तसाच दुसरा बोर्ड लावून डिस्क चालेल, हा जुना काळ झाला. आता बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्याच डिस्कची जुळवणी नोंदलेली असते, ती नव्या बोर्डावर न्यावी लागते. दुकानदार नुसता बोर्ड लावतो, चालत नाही म्हणतो, आणि तुमचा मूळ बोर्ड त्याच्याच डब्यात राहतो. पुढच्या माणसाचं निम्मं काम तिथेच अडतं. डब्ल्यूडीच्या बऱ्याच पासपोर्ट डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट बोर्डावर असतं आणि डेटा त्या बोर्डामार्फतच एन्क्रिप्ट होतो. तिथे बोर्ड हरवला म्हणजे कुलूप घरात आणि किल्ली भंगारात.

पैसे उकळण्याची शेवटची खेळी पडद्यावर होते. एनीडेस्कवर (दुरून पडदा दाखवणाऱ्या अॅपवर) फोल्डर दाखवतात, ‘साखरपुडा’, ‘हळद’, ‘रिसेप्शन’, सगळी नावं जागेवर. पैसे दिल्यावर व्हिडिओ उघडत नाही, फोटो अर्धा करडा. फायलींची नावं डिस्कवर एका जागी नोंदलेली असतात, मजकूर दुसरीकडे. नावं वाचता आली म्हणजे मजकूर आला असं होत नाही. पैसे देण्याआधी सर्वांत मोठा व्हिडिओ उघडायला लावा, मधे आणि शेवटी नेऊन चालवा. फोटो पूर्ण मोठा करून पाहा. टॅलीचा डेटा असेल तर कंपनी उघडून दाखवायला सांगा. सगळ्या फायलींना नावांऐवजी आकडे असतील, तर तो सापडतील तसे तुकडे वेचलेला माल आहे. मोठे व्हिडिओ त्यात सहसा धड नसतात. एसएसडीवरून डिलीट होऊन ट्रिम (डिलीट झालेली जागा एसएसडीने स्वतःच साफ करण्याची सोय) चाललेला डेटा परत आणतो म्हणणाऱ्याला हसून नमस्कार करा.

डिस्क देताना लेबलचा, बोर्डाचा आणि स्क्रूंचा फोटो काढा. पावतीवर मॉडेल, सीरिअल नंबर, तपासणीचं शुल्क आणि ‘लेखी परवानगीशिवाय उघडू नये, मूळ भागांसह परत द्यावी’ एवढं लिहून घ्या आणि तेच व्हॉट्सअॅपवर पाठवा. पावतीवर जीएसटी नंबर असेल तर जीएसटीच्या पोर्टलवर टाकून नाव आणि पत्ता जुळतो का पाहा. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने. ‘डेटा नाही तर पैसे नाहीत’ असं जिथे लिहिलंय, तिथे बारीक अक्षरात ‘डोनर आणि उघडण्याचं शुल्क वेगळं’ असतं. डोनर विकत घेतला असेल तर तोही ताब्यात मागा.

डिस्क फिरते, दिसते, पण रखडते, तेवढ्यासाठी दुकानाची गरज नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो सॉफ्टवेअरमध्ये ०५ आणि सी५ (बदललेले आणि संशयित खराब सेक्टर) हे आकडे वाढलेले दिसले की डिस्कवरून थेट कॉपी करत बसू नका. लिनक्सवर डीडीरेस्क्यूने तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर इमेज घ्या: पहिल्या फेरीत खराब भाग वगळून, नंतर मॅप फाइलच्या (काय वाचलं, काय राहिलं याच्या नोंदीच्या) आधारे उरलेलं. मधेच टकटक सुरू झाली तर वीज काढा.

दुकानदार डिस्क अडवून बसला तर आधी लेखी मागणी करा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही. पैसे ऑनलाइन उकळून माणूस गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. डेटा व्हायरल करीन अशी धमकी आली तर थेट पोलिसांत जा, चॅट पुसू नका. नकाशावर ‘सुधारणा सुचवा’मधून खोटं नाव कळवा, तोच धंदा महिन्याभरात दुसऱ्या नावाने उगवतो, मात्र फोन नंबर पुष्कळदा जुनाच असतो, म्हणून पुढच्या वेळी दुकानाच्या नावाआधी नंबर शोधून पाहा.